अठ्ठावीसपैकी सोळा दिवस गेले आहेत

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी दोन्ही घरांच्या संमतीने माझं लग्न झालं. नवरा मेलबर्नला असतो, ऑस्ट्रेलियाचा कायमचा रहिवासी आहे. मी व्हिजिटर व्हिसावर आले आणि इथूनच पार्टनर व्हिसाचा (सबक्लास ८२०) अर्ज केला. आम्ही मोठ्या दिरांकडे एकत्र राहतो. सोळा दिवसांपूर्वी व्हिसा नामंजूर झाल्याचा ईमेल आला. त्यात म्हटलंय की आमच्या जॉइंट खात्यात दरमहा २०० डॉलर जमा होतात, पण त्यातून काहीच खर्च होत नाही. घराचा करार आमच्या नावावर नाही. आणि ‘नातं कधी सुरू झालं’ या प्रश्नावर आम्ही दोघांनी वेगवेगळे महिने सांगितले. एजंट म्हणतो, भारतात जाऊन नव्याने अर्ज करा. नवरा म्हणतो, सरकारशी वाद घातला तर ते कायमचा डूख धरतील. नकाराविरुद्ध ट्रायब्युनलकडे दाद मागता येते म्हणे, पण सासूबाईंना ट्रायब्युनल म्हणजे कोर्टच वाटतं आणि आमच्या घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. मला सलतं ते वेगळंच. माझं लग्न खरं आहे, हे मी परक्या माणसासमोर का सिद्ध करायचं?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात खोल आहे आणि मी त्याच्याकडे येणारच आहे. पण त्याआधी मुदतीचं बोलायला हवं, कारण तुमच्या हातात जेमतेम बारा दिवस उरलेत.

ऑस्ट्रेलियात व्हिसा नामंजूर झाला की निर्णय कळवल्यापासून २८ दिवसांच्या आत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो. (इमिग्रेशनच्या कोठडीत असलेल्यांना त्याहून बरीच कमी मुदत मिळते.) व्हिसाच्या अशा प्रकरणांत ही मुदत वाढवून देण्याचा अधिकार ट्रायब्युनलला नाही. आजारपण होतं, एजंट सुट्टीवर होता, घरात लग्नकार्य होतं, यातलं कुठलंही कारण चालत नाही. एक दिवस उशीर झाला तरी तुमचं म्हणणं कितीही रास्त असो, ते ऐकण्याचाच अधिकार ट्रायब्युनलला उरत नाही.

मोजणीतही लोक चुकतात. ईमेलने पाठवलेलं पत्र, ते पाठवलं त्याच दिवसाच्या अखेरीस तुम्हाला मिळालं, असं कायदा धरतो. तुम्ही ते कधी उघडलं, ते स्पॅममध्ये पडलं होतं का, याला महत्त्व नाही. आणि पत्रव्यवहारासाठी एजंटला नेमलं असेल, तर त्याच्याकडे मेल पोचला तोच तुमचा दिवस. समजा मेल २ जूनला आला, तर पहिला दिवस ३ जून आणि शेवटचा ३० जून. तुम्ही लिहिलेले ‘सोळा दिवस’ तुम्हाला कळल्यापासूनचे आहेत की मेल आल्यापासूनचे, हे आजच पत्रावरची तारीख बघून पक्कं करा. जुन्या लेखांमध्ये आणि ओळखीपाळखीच्या सल्ल्यांमध्ये अजून २१ दिवस, ७० दिवस असे आकडे फिरतात. ते आधीच्या ‘एएटी’च्या (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलच्या) काळातले आहेत. १४ ऑक्टोबर २०२४ पासून तिच्या जागी हे नवं ट्रायब्युनल आलं, आणि नियमही बदलले.

‘पुरावे सगळे जमले की मग अर्ज करू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. ऑनलाइन अर्जाला नकाराचं पत्र, ओळखीची कागदपत्रं आणि फी एवढं पुरतं. पुरावे नंतर देता येतात, अगदी सुनावणीच्या थोडं आधीपर्यंत. फी मोठी आहे, २०२५-२६ साठी ३,५८० ऑस्ट्रेलियन डॉलर. दर १ जुलैला ती वाढते, म्हणून भरताना ट्रायब्युनलच्या संकेतस्थळावरचा आकडा बघा. खरोखर आर्थिक ओढाताण असेल तर निम्मी फी माफ करण्याची विनंती करता येते, पण तिच्यासोबत उत्पन्न-खर्चाचे कागद लागतात. निकाल तुमच्या बाजूने लागला तर भरलेल्या फीचा अर्धा भाग परत मिळतो. आणि मुदतीच्या आदल्या रात्री कार्ड चाललं नाही म्हणून अर्ज राहू नये, एवढं सांभाळा.

आता तुमच्या मिस्टरांची शंका. फेरतपासणी मागितली म्हणून पुढच्या कुठल्याही अर्जात ती तुमच्या विरुद्ध धरली जात नाही. पुढे कुठल्याही व्हिसाच्या फॉर्मवर ‘पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ हा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर ‘हो’ असंच राहणार, दाद मागितली तरी आणि नाही मागितली तरी. दाद मागितली तर निदान त्या ‘हो’च्या पुढे काही लिहिण्यासारखं असण्याची शक्यता उरते.

सासूबाईंना सांगा की हे कोर्ट नाही. एका खोलीत, किंवा बऱ्याचदा व्हिडिओवर, ट्रायब्युनलचे एक सदस्य बसतात आणि तुम्हाला प्रश्न विचारतात. समोर उलटतपासणी घेणारा सरकारी वकील साधारणपणे नसतो, गृहखातं अशा सुनावण्यांना सहसा येतच नाही. मुख्य म्हणजे आधीचा अधिकारी चुकला का, हे सदस्यांना ठरवायचं नसतं. त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून ते तुमचं प्रकरण पहिल्यापासून बघतात, आणि नकारानंतरचे कागदही विचारात घेतात. म्हणून ‘अधिकाऱ्याने आमच्यावर अन्याय केला’ अशी दहा पानी तक्रार लिहिण्यात शक्ती घालवू नका. त्यातून सदस्यांना तुमच्या संसाराबद्दल काहीच कळत नाही.

एजंटच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धं. ऑस्ट्रेलियात असताना व्हिसा नाकारला गेला की मायग्रेशन अ‍ॅक्टच्या कलम ४८ मुळे देशातूनच दुसरा बहुतेक कुठलाही व्हिसा मागता येत नाही, पार्टनर व्हिसाही पुन्हा नाही. म्हणून तो बाहेर जाऊन सबक्लास ३०९ चा (देशाबाहेरून मागायच्या पार्टनर व्हिसाचा) अर्ज करायला सांगतो. त्याची फी नऊ हजार डॉलरच्या वर आहे आणि निकालाला लागणारा वेळ नवऱ्यापासून लांब काढावा लागू शकतो. तरी एका परिस्थितीत हा रस्ता खरंच बरा ठरतो. ८२० साठी अर्ज केला त्या दिवशीही नातं खरं होतं आणि निर्णयाच्या दिवशीही आहे, असं दोन्ही दाखवावं लागतं. अर्जाच्या वेळी तुम्ही लग्नानंतर मोजके दिवसच एकत्र काढले असतील आणि त्या काळातलं काहीच हाती नसेल, तर नव्या अर्जात मोजणी नव्या तारखेपासून होते, ही सोय आहे. पण तुमच्या पत्रावरून अडचण पुरावा नसल्याची वाटत नाही, तो नीट मांडला न गेल्याची वाटते. त्यामुळे माझं मत फेरतपासणीच्या बाजूने आहे. ती मागितली म्हणून ३०९ चा रस्ता बंद होत नाही. फेरतपासणीची मुदत मात्र एकदा गेली की गेलीच.

तुमच्यासारखंच ‘ब्रिजिंग व्हिसा ए’वर (अर्जाचा निकाल लागेपर्यंत इथे राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर) थांबलेल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं: नकार कळवल्यापासून ३५ दिवसांनी तो व्हिसा संपतो. वेळेत फेरतपासणीचा अर्ज केला तर तो ट्रायब्युनलच्या निर्णयापर्यंत आणि त्यापुढे ३५ दिवस चालतो. अर्जानंतर ‘व्हेवो’वर (गृहखात्याच्या ऑनलाइन व्हिसा-तपासणीवर) तुमची स्थिती आणि अटी तपासून त्या पानाची प्रत ठेवा. मधल्या काळात भारतात जावंसं वाटलं, कुणाचं आजारपण निघालं, तर आधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो. ए व्हिसावर देशाबाहेर पाऊल टाकलं की तो तिथेच संपतो. आणि व्हिसाशिवाय २८ दिवसांहून जास्त राहून मग बाहेर पडलात, तर पुढच्या काही तात्पुरत्या व्हिसांवर तीन वर्षांची आडकाठी येऊ शकते.

अर्ज गेला की श्वास घ्या. निकालाला एक वर्षाच्या पुढेच लागेल असं धरून चाला. तो वेळ तुमच्या कामाचा आहे.

आता तुमचा प्रश्न, परक्या माणसासमोर का सिद्ध करायचं. तुम्हाला नकाराचं पत्र ‘तुमचं लग्न खोटं आहे’ असं ऐकू आलं. ते पुन्हा एकदा, शांतपणे वाचा. पत्रासोबत एक वेगळा दस्तऐवज असतो, डिसिजन रेकॉर्ड, आणि त्यात बहुधा ‘माझं समाधान झालेलं नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमचा संसार त्या अधिकाऱ्याने पाहिलेला नाही. त्याच्यासमोर एक फाइल होती आणि त्या फाइलमध्ये तुमचं घर दिसत नव्हतं. मला वाटतं, अपमान वाटून घेण्याआधी एवढं तपासून बघावं की आपण त्याला काय दाखवलं होतं.

कायदा नातं चार बाजूंनी बघतो: पैसा, घर, समाजातलं नातं, आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. यातली एखादी बाजू लंगडी पडली म्हणून नकार द्यायलाच हवा असं नाही. चारही बाजू, आणि बाकीची परिस्थिती, एकत्र तोलायची असते. डिसिजन रेकॉर्डमधला प्रत्येक आक्षेप एका कागदावर उतरवा आणि त्याच्यासमोर लिहा: खरं काय आहे, ते कुठल्या कागदावरून दिसतं, कागद नसेल तर कोण सांगू शकेल.

जॉइंट खात्याचं उदाहरण घेऊ. दर महिन्याच्या एक तारखेला २०० डॉलर आत येतात आणि तिथेच पडून राहतात, एक दुधाची पिशवीसुद्धा त्यातून आलेली नाही. बाहेरच्या माणसाला ते खातं व्हिसासाठी उघडलेलं दिसणारच. खरं काय आहे? बहुतेक एकत्र कुटुंबांत होतं तेच असेल: किराणा जाऊबाईंच्या कार्डावर, वीज-गॅस दिरांच्या नावावर, आणि तुमचे मिस्टर त्यांच्या पगाराच्या खात्यातून दिरांना दरमहा ठरावीक रक्कम पाठवतात. मग पुरावा त्या पगाराच्या खात्यात आहे! त्याचं अर्ज केल्यापासूनचं स्टेटमेंट काढा, दिरांकडे गेलेल्या रकमांवर मार्करने खुणा करा, तुमच्या मोबाइलचं बिल, तुमची डॉक्टरची फी, तुमच्या माहेरी पाठवलेले पैसे कुठून गेले ते दाखवा. एक पान जोडा: घरात कुठला खर्च कोण करतं आणि का. आता घाईघाईने जॉइंट खात्यातून रोज खरेदी सुरू करू नका. नकारानंतरच्या तारखेपासून अचानक गजबजलेलं खातं सदस्यांच्या लगेच लक्षात येतं. सोयीचं असेल तर खातं खरोखर वापरायला लागा, पण ते पूर्वीपासून असंच होतं असं भासवू नका.

घराचा करार तुमच्या नावावर नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. दीर आणि जाऊ दोघांनी वेगवेगळं स्टॅट्युटरी डिक्लेरेशन (कायदेशीर लेखी निवेदन) द्यावं: तुम्ही केव्हापासून राहता, कुठली खोली तुमची, स्वयंपाक-साफसफाई कशी वाटलेली आहे, पैसे कसे दिले जातात. शिवाय त्या पत्त्यावर दोघांच्या नावाने येणारी पत्रं, ड्रायव्हिंग लायसन्स, मेडिकेअर, बँक, टपालाच्या पाकिटांचे फोटो तारखेसह. मिस्टरांच्या सुपरअ‍ॅन्युएशनमध्ये (निवृत्तीच्या फंडात) वारस म्हणून तुमचं नाव आहे का ते बघा. नसेल तर घालण्यासारखं आहेच, व्हिसा असो वा नसो.

ओळखीच्यांची निवेदनं फॉर्म ८८८ वर देतात. ती देणारा १८ वर्षांवरचा आणि ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. इथे लोक फार चुकतात. एकच मजकूर सहा जणांच्या सह्यांनी येतो: ‘हे अतिशय प्रेमळ जोडपं आहे.’ त्यातून काहीच कळत नाही. दोनच माणसं असू देत, पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं: गणपतीत यांच्या घरी गेलो होतो, ती स्वयंपाकघरात जावेबरोबर मोदक वळत होती, तिला ताप आला तेव्हा नवरा रात्री इमर्जन्सीला घेऊन गेला आणि मला फोन केला. भारतातल्या आईवडिलांना, मामा-काकांना फॉर्म ८८८ देता येत नाही, पण त्यांची प्रतिज्ञापत्रं जोडता येतात. मराठी कागद आणि चॅट यांचं भाषांतर लागतं, आणि ऑस्ट्रेलियात ते नाटीची (भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपची नऊशे पानं देऊ नका. दर महिन्याची दोन-तीन पानं निवडा, ज्यात रोजचं जगणं दिसतं: येताना कोथिंबीर आण, पगार झाला का, आईचा रिपोर्ट काय आला.

तारखांचा घोळ हा माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तोच सगळ्यात सहज सुटणारा आहे. ‘नातं कधी सुरू झालं?’ हा प्रश्न ठरवून झालेल्या लग्नाला नीट बसतच नाही. स्थळ आलं तो दिवस? पत्रिका जुळली तो? कांदेपोहे झाले तो? फोनवर बोलायला लागलात तो? बैठक, साखरपुडा, लग्न? तुम्ही बहुधा पहिल्या भेटीचा महिना सांगितलात आणि त्यांनी साखरपुड्याचा, किंवा उलट. दोघंही खरं बोललात. तर दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता, या सगळ्या टप्प्यांच्या आठवतील तशा तारखा लिहा. मग एकत्र बसून फोटो, तिकिटं, कॉल लॉग यांच्याशी ताडून बघा. एक पानभर टिपण तयार करा: आमच्याकडे लग्न कसं ठरतं, कुठल्या टप्प्याला काय म्हणतात, तो आमच्या बाबतीत कधी झाला, आणि मुलाखतीत कुणी कुठला टप्पा मनात धरून उत्तर दिलं. एखादी तारीख खरोखर आठवत नसेल तर तसंच लिहा.

जुन्या तारखेचा भाडेकरार करून देणारा, मागच्या तारखेची पावती बनवून देणारा कुणी ना कुणी भेटेलच. त्याला दारातूनच परत पाठवा. खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर त्या कारणावरून व्हिसा नाकारला जातो आणि साधारण तीन वर्षं पुढचे व्हिसेही अडतात. तुमच्या खऱ्या लग्नाच्या फाइलीत एकही खोटा कागद नको.

ट्रायब्युनलपुढे तुमच्या फाइलीत काय आहे हे बघायला मागता येतं, ते लवकर मागा. मुलाखतीत तुम्ही नेमकं काय बोललात हे आठवणीवर सोडू नका. मध्येच ट्रायब्युनलकडून एखादं पत्र येऊ शकतं की तुमच्या विरुद्ध जाणारी अमुक माहिती आहे, यावर तुमचं म्हणणं अमुक तारखेपर्यंत द्या. या पत्राकडे दुर्लक्ष करू नका. त्या तारखेपर्यंत उत्तर गेलं नाही, तर तुमचं म्हणणं पुन्हा न विचारता निर्णय होऊ शकतो. ईमेल पत्ता किंवा फोन बदलला तर त्याच दिवशी ट्रायब्युनलला कळवा.

सुनावणीत मराठी दुभाषा मागा. तो ट्रायब्युनल देतं, त्याचे पैसे लागत नाहीत. इंग्रजी चांगलं असलं तरी मागा, कारण घरातल्या गोष्टी आपण मराठीत जगतो. नात्यांचे शब्द मात्र जपून वापरा. तुम्ही दिरांना ‘दादा’ म्हणत असाल आणि सुनावणीत ‘आम्ही दादांकडे राहतो’ म्हणालात, तर भाषांतरात ते ‘माझ्या भावाकडे’ असं होऊ शकतं, आणि पाच मिनिटांनी तुमचा नवरा ‘माझ्या भावाकडे’ म्हणेल. तिथे नवी विसंगती उभी राहिली! म्हणून ‘नवऱ्याचा मोठा भाऊ’, ‘नवऱ्याच्या भावाची बायको’ असं सरळ सांगा. तुम्हा दोघांना वेगवेगळं विचारतील. सकाळी आधी कोण उठतं, त्याच्यावर कर्ज किती, मागच्या रविवारी काय केलंत, मुलांचा विचार काय. उत्तरं पाठ करू नका, पाठ केलेली उत्तरं ओळखू येतात. त्यांचा पगार नेमका माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पैशाचं ते आणि दीर बघतात’ हे चालतं. ठोकून दिलेला आकडा चालत नाही. वकील किंवा एजंट बरोबर असला तरी प्रश्न तुम्हालाच येणार, तुमच्या वतीने तो संसार सांगू शकत नाही. आणि एजंट नेमायचा तर त्याचा नोंदणी क्रमांक ओएमएआरएच्या (मायग्रेशन एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) यादीत शोधून मगच पैसे द्या. खर्च झेपत नसेल तर तुमच्या राज्याच्या लीगल एडला आणि कम्युनिटी लीगल सेंटरना विचारा.

हे वाचणाऱ्या ज्या मैत्रिणींचं लग्न मारहाणीमुळे, धमक्यांमुळे किंवा छळामुळे मोडलं आहे, त्यांच्यासाठी: नातं संपलं म्हणून पार्टनर व्हिसाचा अर्ज आपोआप संपत नाही. कौटुंबिक हिंसेसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. व्हिसाच्या भीतीने त्या घरात थांबू नका, आणि फेरतपासणीच्या टप्प्यावर असाल तरी वकिलाला हे आधी सांगा.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर ट्रायब्युनल स्वतः व्हिसा देत नाही. अमुक निकष पूर्ण होतात असं सांगून प्रकरण गृहखात्याकडे परत पाठवतं, आणि मग वैद्यकीय तपासणी, पोलीस दाखले वगैरे राहिलेलं पार पडतं. विरुद्ध गेला तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात ३५ दिवसांच्या आत जाता येतं, पण तिथे कायद्याची चूक दाखवावी लागते, लग्न पुन्हा तपासलं जात नाही. मंत्र्यांकडे विनंती करण्याचा रस्ताही ट्रायब्युनलच्या निर्णयानंतरच उघडतो. म्हणजे तुमचा संसार कुणीतरी नव्याने, पूर्ण ऐकून घेण्याची जागा हीच आहे.

आज रात्री जेवणं झाली की मिस्टरांना बसवा, नकाराचं पत्र समोर ठेवा आणि मेलवरची तारीख दोघांनी मिळून वाचा. सासूबाईंनाही बसवा. स्थळ कुणी आणलं, बैठक कुठल्या दिवशी झाली, हे तुम्हा दोघांपेक्षा त्यांना जास्त पक्कं आठवत असेल.